जुनी हत्यारे

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात घोडेगाव नावाचे एक गाव आहे. या जिल्ह्याला २०२४ सालापर्यंत अहमदनगर जिल्हा असे म्हणत. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव लागते. येथील जनावरांचा बाजार आणि कांद्याचा बाजार पंचक्रोशीबाहेरही प्रसिद्ध आहे.

मुलांनो, तुम्ही एखाद्या बाजाराच्या दिवशी अशा गावात उभे आहात, अशी कल्पना करा. एकीकडे गाई-म्हशींची पारख चालली आहे. कोणी जनावराचे दात पाहत आहे, कोणी पाठीवरून हात फिरवीत आहे. दुसरीकडे विळे, खुरपी, कोयते आणि कुऱ्हाडी मांडून विक्रेते बसले आहेत. नव्या पात्यांवर ऊन चमकत आहे. आणि थोडे बाजूला, जिथे फारसे कोणी थांबत नाही, तिथे जुन्या लोखंडाचा ढीग पडला असून त्याशेजारी मोठा काटा टांगलेला आहे.

एक तरुण गोणी घेऊन येतो आणि ती ढिगावर रिकामी करतो. तिच्यातून एक बोथट वाकस, दांडा नसलेले खुरपे, सुताराचे एक किंकरे, सैल झालेला अडकित्ता आणि शिंगाच्या मुठीचा एक गंजलेला मिटता चाकू बाहेर पडतो. आजोबांच्या मागे घर आवरताना हे सामान माळ्यावर सापडले, असे तो सांगतो. दुकानदार सारे एकत्र करून पारड्यात टाकतो, वजन करतो, आणि मोडीच्या भावाने पैसे मोजून देतो.

व्यवहार चोख झाला. त्यात कोणी कोणाला फसविले नाही. तरीही काहीतरी हरवले, असे आपल्याला वाटते. काय बरे हरवले? या धड्यात आपण त्याचाच शोध घेऊ.

प्रथम त्या ढिगातील चाकू हाती घेऊ. साधा मिटता चाकू मोठा युक्तीने केलेला असतो. त्याचे पाते एका खिळीभोवती फिरते. मुठीच्या पाठीत पोलादाची एक चिवट पट्टी बसविलेली असते. पाते उघडताना ही पट्टी किंचित उचलली जाते आणि पाते पूर्ण उघडले की त्याच्या बुडाला घट्ट दाबून धरते. मिटल्यावरही तीच पट्टी त्याला जागेवर ठेवते. पाते उघडण्यासाठी त्याच्या बाजूला नखापुरती खाच असते. एक पाते, एक पट्टी, एक खीळ आणि दोन बाजूंच्या मुठी, एवढ्या थोड्या सामानात खिशात बाळगता येईल असे साधन तयार होते.

ही कल्पना फार जुनी आहे. प्राचीन रोमन लोकही मिटते चाकू वापरीत. इंग्लंडमधील केंब्रिज येथे फिट्झविल्यम नावाचे संग्रहालय आहे. तेथे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे एक रोमन साधन ठेवले आहे. त्याची मूठ रुप्याची असून तिच्यात पाते, चमचा, काटा आणि दात कोरण्याची काडी अशी अनेक साधने मिटून बसतात. पुढे १८९७ साली स्वित्झर्लंडमध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांसाठी अनेक साधनांचा खिशातला चाकू निघाला आणि तो जगभर पसरला. पण त्याचे पूर्वज किती जुने आहेत, ते पाहा!

आपल्याकडे चाकूचे शाळेशीही नाते होते. टाक घरोघर येण्यापूर्वी मुले बोरूने लिहीत. बोरू म्हणजे वेताप्रमाणे दिसणाऱ्या एका गवताची कांडी. तिचे टोक चाकूने तिरके तासावे लागे आणि शाई नीट उतरावी म्हणून मध्ये बारीक चीर द्यावी लागे. टोक जसे कापले असेल, तसे अक्षराचे जाड-बारीक वळण येई. लिहून लिहून टोक बोथट झाले की पुन्हा चाकू काढावा लागे. लेखणी तासण्याच्या या चाकूला कलमतराश असे फारसीतून आलेले नाव होते. इंग्रजीतही खिशातील लहान चाकूला जे नाव आहे, त्याचा मूळ अर्थ ‘लेखणीचा चाकू’ असाच आहे. युरोपात पिसांच्या लेखण्या होत्या, आपल्याकडे बोरू होता. पण दोन्हीकडे सुंदर अक्षराच्या पाठीमागे एक धारदार पाते उभे होते. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, त्याला तो चाकू केवळ गंजका तुकडा वाटेल. ज्याला ती ठाऊक आहे, त्याला त्यात एक संपूर्ण शाळा दिसेल.

आता थोडे अधिक मागे जाऊ. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. घोडेगाव ज्या तालुक्यात आहे, त्या तालुक्याचे मुख्य गाव नेवासे हे प्रवरा नदीच्या काठी आहे. ज्ञानेश्वरी येथेच सांगितली गेली, म्हणून हे स्थान साऱ्या महाराष्ट्राला पूज्य आहे. या नेवाशात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात व पुन्हा १९५९ ते १९६१ या काळात उत्खनन केले.

त्यांना तेथे काय मिळाले? नदीकाठच्या दगडगोट्यांच्या जुन्या थरांत आदिमानवाने घडविलेल्या दगडी हातकुऱ्हाडी आणि तासण्या मिळाल्या. त्यांतील एका प्रकारची हत्यारे इतकी वैशिष्ट्यपूर्ण होती की, अभ्यासकांनी त्या परंपरेला नेवाशाचेच नाव दिले. गावाजवळच्या टेकाडात त्यांना तीन हजार वर्षांहून जुनी वस्तीही सापडली. त्या काळी लोकांना तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मिळ होते. म्हणून रोजच्या कापण्या-सोलण्यासाठी ते गारेच्या जातीच्या चमकदार दगडाची पाती काढीत. दगडाच्या गोळ्यावर प्रथम एक सरळ कणा तयार करायचा आणि मग त्याच्या आधाराने लांबट, समांतर कडांचे पाते अलगद सोडवायचे, अशी त्यांची रीत होती. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत बसविली की चाकू तयार होई, विळा तयार होई. कितीतरी ठिकाणी मुठी केव्हाच कुजून गेल्या, पाती तेवढी उरली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. अशी दगडी पाती नुसती टोपलीभर गोळा केली असती, तर त्यांवरून फारसे काही कळले नसते. संशोधकांनी मातीचा एकेक थर हलक्या हाताने उकलला. कोणते पाते कोणत्या थरात, कोणत्या मडक्याजवळ, जमिनीपासून किती खोल सापडले, याची त्यांनी नोंद केली. सर्वांत वरच्या थरांहून खालचे थर जुने, या साध्या न्यायाने त्यांनी त्या गावाचा इतिहास मांडला. वस्तूइतकीच तिची जागा मोलाची होती. म्हणूनच जुन्या टेकाडावर किंवा नांगरताना शेतात काही प्राचीन वस्तू दिसली, तर ती उचलून खिशात घालू नये. शिक्षकांना, गावातील जबाबदार माणसांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंविषयी व अन्य पुराणवस्तूंविषयी भारत सरकारने १९७२ साली कायदाही केला आहे.

जमिनीखालच्या वस्तूंची काळजी विद्वान घेतात. परंतु घराच्या माळ्यावरील, परसातील आणि दुकानातील वस्तूंची काळजी कोणी घ्यावी? महाराष्ट्रात एका माणसाने हे काम आपले मानले. त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर.

केळकरांचा जन्म १८९६ साली मावळातील करंजगाव येथे झाला. पुण्यात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. ते राजे नव्हते, जहागीरदार नव्हते. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्या काळी संग्रह म्हटला की लोकांना सोन्याची नाणी, राजांच्या तलवारी किंवा देवळांतील मूर्ती आठवत. केळकरांची दृष्टी मात्र स्वयंपाकघरातल्या, देवघरातल्या आणि ओसरीवरच्या वस्तूंकडे वळली. दिवे, दौती, कुलपे, वाद्ये, कोरीव दारे, खेळणी, पाय घासण्याच्या वज्र्या, अशा शेकडो प्रकारच्या वस्तू त्यांनी गोळा केल्या. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनीही या कामात त्यांना साथ दिली.

त्यांच्या संग्रहातील अडकित्ते विशेष प्रसिद्ध आहेत. अडकित्ता हा मिटत्या चाकूचा जवळचा नातलगच म्हणावा लागेल. दोन दांडे एका खिळीवर जोडलेले असतात. वरच्या दांड्याला पाते असते, खालच्या दांड्यावर सुपारी टेकते. दांडे दाबले की कठीण सुपारीचेही खांड होते. यंत्र एवढेच, पण कारागिराने त्याला किती रूपे दिली आहेत! कोठे पक्षी मान वळवून बसला आहे, कोठे घोडा आहे, तर कोठे स्त्री-पुरुषांची जोडी समोरासमोर उभी आहे. जी वस्तू पानाच्या तबकात ठेवायची, पाहुण्यापुढे धरायची, ती नुसती उपयोगी असून भागत नाही, ती देखणीही असली पाहिजे, असे त्या कारागिराला वाटले. वस्तूच्या रूपावरून त्या घरातील पाहुणचाराची रीत समजते, ती अशी.

अडकित्त्यांची मोहिनी परदेशातही पोहोचली. सॅम्युएल आयलेनबर्ग नावाचे एक थोर गणिती अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकवीत असत. त्यांनी भारतातील आणि आग्नेय आशियातील अडकित्त्यांचा मोठा संग्रह केला आणि त्या संग्रहावर एक ग्रंथही निघाला. आपण ज्याला क्षुल्लक मानून माळ्यावर टाकतो, ते दुसऱ्याला अभ्यासाचा विषय वाटते.

केळकरांचा मुलगा राजा हा लहानपणीच वारला. आई-बापांवर याहून कठीण आघात नाही. केळकरांनी आपल्या संग्रहालयाला त्या मुलाचे नाव दिले. पुण्यातील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या नावातील ‘राजा’ ही पदवी नसून ते एका बालकाचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६० सालापर्यंत तेथे सुमारे पंधरा हजार वस्तू जमल्या होत्या. हे धन विकून केळकरांना श्रीमंत होता आले असते. त्यांनी १९६२ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपविला. १९९० साली ते निवर्तले. आज त्या संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. आपल्या वयाची मुले तेथे येतात, काचेपलीकडील दिवे आणि अडकित्ते पाहतात, तेव्हा एका बापाने आपल्या मुलाच्या नावे साऱ्या महाराष्ट्राच्या मुलांना दिलेली ती भेट असते.

आता घोडेगावच्या ढिगातील उरलेल्या वस्तूंकडे वळू. वाकस आणि किंकरे ही एकेकटी हत्यारे नव्हेत. ती एका संचातील आहेत. पूर्वी आपल्या गावांत बलुतेदारीची पद्धत होती. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, कुंभार असे कारागीर वर्षभर शेतकऱ्यांचे काम करीत आणि सुगीच्या वेळी त्यांना धान्याच्या रूपाने बलुते मिळे. या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या पुस्तकात केले आहे. या पद्धतीत उच्च-नीचतेचे आणि जातीचे कडक बंधन होते, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्या हातांवर सारे गाव चालत होते, त्यांना पुष्कळदा मानाने वागविले जात नसे. म्हणून तर त्यांची हत्यारे जपणे अधिकच अगत्याचे आहे. त्यांचा इतिहास कोणी फारसा लिहून ठेवला नाही. तो त्यांच्या हत्यारांच्या मुठींवर उमटलेला आहे.

सुताराजवळ लाकूड तासण्यास वाकस, भोके पाडण्यास किंकरे, सपाट करण्यास रंधा, कापण्यास करवत, छिद्रासाठी गिरमिट आणि कोन तपासण्यास गुण्या असे. लोहाराजवळ ऐरण, घण, सांडशी, छिन्नी आणि भाता असे. चांभाराची रापी आणि आरी, न्हाव्याच्या धोकटीतील वस्तरा, कात्री आणि नराणी ही त्या त्या हातांची ओळख होती. संच एकत्र असला म्हणजे काम कसे होई, ते कळते. किंकरे एकीकडे आणि वाकस दुसरीकडे गेले, तर तुटलेल्या माळेतील मण्यांसारखी त्यांची गत होते.

हत्यार नीट न्याहाळले तर ते आपल्या मालकाविषयी पुष्कळ सांगते. पाते अरुंद झाले असेल, तर ते वर्षानुवर्षे दगडावर परजले गेले असावे. मूठ एकाच बाजूने अधिक झिजली असेल, तर ती पकडण्याची त्या माणसाची लकब समजते. मुठीचे लाकूड पात्याहून नवे दिसले, तर मोडलेली वस्तू फेकून न देता दुरुस्त करणारे ते घर होते, हे ध्यानात येते. आणि पाते फार काळ टिकले असेल, तर त्याला ‘पाणी’ देणारा लोहार कसबी होता. लोखंडाला पाणी देणे म्हणजे तापलेले पाते नेमक्या क्षणी थंड करून त्याला कठीणपणा आणणे. हा क्षण लोहार तापलेल्या धातूच्या रंगावरून ओळखत असे.

इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर चाकूंसाठी नामांकित आहे. तेथील रॉजर्स या कारखान्याचे चाकू भारतातही येत. त्याच कारखान्याने १८२२ साली १८२२ पात्यांचा एक चाकू केला आणि पुढे वर्षांबरोबर त्याची पातीही वाढविण्यात आली. हा चमत्कार पाहून कोणीही थक्क होईल. परंतु त्या चाकूने कधी बोरू तासला नाही की भाकरीबरोबर कांदा कापला नाही. झिजलेल्या एका पात्याचा चाकू दाराशी बसलेल्या वृद्धासारखा असतो. विचारले तर पुष्कळ सांगेल. फ्रान्समधील त्रॉय या शहरात पॉल फेलर नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी जमविलेल्या कारागिरांच्या जुन्या हत्यारांचे एक संग्रहालय १९७४ पासून आहे. तेथे हजारो हत्यारे धंद्यांप्रमाणे मांडली आहेत. सुतार, लोहार, चांभार आणि गवंडी यांच्या कष्टांना तेथे चित्रकाराच्या चित्रांइतकाच मान मिळतो.

मुलांनो, असा संग्रह करण्यास पैसे लागत नाहीत. लागते ती नोंदवही. घरातील किंवा शेजारचे एखादे जुने हत्यार वडीलधाऱ्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या देखत पाहा. धारेला हात लावू नका. चाकू मिटलेलाच राहू द्या. मग वहीत लिहा: वस्तूचे गावातील नाव, ती कशाची आहे, लांबी किती, ती कोणी वापरली, कोणत्या कामासाठी, आणि ही माहिती कोणी सांगितली. शेजारी तिचे चित्र काढा. वस्तूला एक लहानशी चिठ्ठी बांधा आणि वहीतील क्रमांक तिच्यावर घाला. गंज खरवडून काढू नका, पितळेला चिंच लावून ते लखलखीत करू नका. कारण घासताना वापराच्या खुणाही जातात. कोरड्या फडक्याने पुसावे, लोखंडाला मोठ्या माणसाकडून तेलाचे पुसट बोट लावून घ्यावे आणि वस्तू कोरड्या जागी ठेवावी, एवढे पुरे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे काम उद्यावर टाकू नका. हत्यार माळ्यावर आणखी पन्नास वर्षे पडून राहू शकेल. पण ‘हे कशासाठी वापरीत?’ या प्रश्नाचे उत्तर ज्या आजीजवळ आहे, ती पन्नास वर्षे थांबू शकणार नाही. लोखंड गंजण्याआधी आठवण गंजते.

पुन्हा एकदा त्या काट्याजवळ येऊ. पारड्यात वाकस, किंकरे, अडकित्ता आणि चाकू आहेत. लोखंडाचे वजन काटा बरोबर सांगतो. त्याची चूक नाही. परंतु त्या चाकूने किती बोरू तासले, त्या वाकसाने कोणाच्या दाराची चौकट घडविली, त्या अडकित्त्याने किती पाहुण्यांचा आदर केला, हे काट्याला मोजता येत नाही. ते मोजण्यासाठी कोणीतरी विचारावे लागते, ऐकावे लागते आणि लिहून ठेवावे लागते. आजोबांची गोणी बाजाराच्या वाटेला लागण्यापूर्वी तुमच्यापैकी एखाद्याने वही घेऊन ती उघडली, तर त्या दिवशी मोडीत जाईल ते केवळ लोखंड असेल.

अभ्यास

१. बाजारातील व्यवहार चोख असूनही काहीतरी हरवले, असे लेखकाला का वाटते?
२. बोरू आणि चाकू यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.
३. ‘वस्तूइतकीच तिची जागा मोलाची होती,’ हे नेवाशाच्या उत्खननाच्या आधारे समजावून सांगा.
४. केळकरांच्या संग्रहाचे वेगळेपण कशात आहे? त्यांनी त्याला आपल्या मुलाचे नाव दिले आणि पुढे तो शासनाला दिला. या दोन गोष्टींविषयी तुम्हांला काय वाटते?
५. ‘लोखंड गंजण्याआधी आठवण गंजते,’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.
६. तुमच्या घरातील एका जुन्या हत्याराविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि धड्यात सांगितल्याप्रमाणे त्याची नोंद करा.